आपल्याकडे शिस्तच नाही म्हणे!

ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या 'झेड'वरून जुंपली आहे. झेड म्हणजे 'झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट': मालात खोट नको आणि पर्यावरणाला झळ नको. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून ही घोषणा झाली, २०१६ मध्ये छोट्या उद्योगांसाठी तिची प्रमाणपत्र योजना निघाली आणि २०२२ मध्ये ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या लावून ती नव्याने आली. सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलत मिळते. ग्रुपमधल्या एकाने अर्ज करायचं ठरवलं. दुसऱ्याने लगेच विचारलं, "भिंतीवर आयएसओचं गुणवत्ता प्रमाणपत्र टांगलंयस, त्याचं काय लोणचं घातलंस?" तिथून गाडी नेहमीच्या वळणावर गेली: आपल्या लोकांना मुळात शिस्तच नाही. यावरचं उत्तरही ठरलेलं: डबेवाले बघा, सिक्स सिग्मा, म्हणजे चूक जवळपास नाहीच! मग कुणीतरी मला ओढतं, "तू सांग रे, तिकडे जर्मनीत कसं असतं?"

सांगतो. जर्मनीत गाड्या उशिरा येतात. २०२४ मध्ये इथल्या सरकारी रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या. आणि वेळेवर म्हणजे काय, तर सहा मिनिटांहून कमी उशीर. रद्द झालेली गाडी तर या हिशेबात धरतच नाहीत. मोटरमन शिस्तीचा, गार्ड शिस्तीचा, प्रवासी तर इतके शिस्तीचे की उशिराची भरपाई मागायचा फॉर्मसुद्धा नीट भरतात. पण रूळ आणि सिग्नल जुने झालेत आणि त्यावर पेलतील त्याहून जास्त गाड्या सोडल्या जातात. फोक्सवागनचं डिझेल प्रकरण २०१५ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये धुराची चाचणी फसवणारं सॉफ्टवेअर निघालं. तिथे शिस्तीला काही तोटा नव्हता. उलट इतकं मोठं खोटं इतक्या गाड्यांत एकसारखं बसवायला शिस्तच लागते.

त्यामुळे 'लोकांना शिस्त नाही' हे कारण मला पटत नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानमध्ये व्याख्यानं द्यायला गेले, तेव्हा जपानी माल म्हणजे स्वस्त आणि टाकाऊ अशी जगभर ख्याती होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जपानी गाड्यांनी अमेरिकन कंपन्यांना घाम फोडला. एवढ्यात जपानी माणूस काही नव्याने जन्माला आला नव्हता. डेमिंग यांचा अंदाज होता की कारखान्यातल्या त्रासांपैकी ९४ टक्के व्यवस्थेचे असतात, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदरातले. १९५१ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, आणि २००३ मध्ये तो महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने मिळवला. तिथे कांदिवली आणि नागपूरला काम करणारी माणसं आपल्याच घरातली.

आता वागळेतलं सांगतो. मी उमेदवारी केली त्या वर्कशॉपमध्ये एका सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातयंत्रावर, बुश (पोकळ नळीसारखे सुटे भाग) बनायचे. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटर, वर-खाली २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) चालायचं. ऑपरेटर मन लावून काम करणारा. जॉब, म्हणजे तयार नग, काढला की लगेच भोक मोजायचं बोअर गेज लावायचा. १२ मायक्रॉन जास्त दिसले की मशीनच्या मापाचं सेटिंग, म्हणजे ऑफसेट, १२ ने कमी करायचा. पुढचा जॉब ८ ने कमी आला की ८ ने वाढवायचा. तरी रिजेक्शन वाढतच होतं, आणि सुपरवायझर त्याला रोज 'अजून लक्ष दे' म्हणून झापत होता. दुखणं नेमकं त्या लक्ष देण्यातच होतं. कुठलंही मशीन दोन जॉब हुबेहूब एका मापाचे देत नाही, मापाचा थोडा पसारा असतोच. त्या पसाऱ्यातल्या प्रत्येक आकड्यामागे धावून दर वेळी तेवढंच उलटं फिरवत राहिलं, तर पसारा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. हे साधं गणित आहे.

अमेरिकेतल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (प्रत्येक मापाचा ठिपका आणि वर-खाली मर्यादेच्या दोन रेषा असलेला आलेख) काढला तो यासाठीच: हात कधी घालायचा आणि मशीनला त्याच्या वाटेने कधी जाऊ द्यायचं, हे कळावं म्हणून. ठिपके दोन रेषांच्या आत इकडेतिकडे फिरताहेत, तर सेटिंगला हात लावू नका. ठिपका रेषेबाहेर गेला, किंवा एकामागून एक सगळे एकाच बाजूला पडू लागले, तर मशीन थांबवा आणि शोधा. कापणारं पातं, म्हणजे इन्सर्ट, झिजला असेल, कच्च्या सळ्यांचा नवीन लॉट आला असेल, जॉब पकडणारा चक ढिला झाला असेल. आमच्याकडेही हा चार्ट होता, नाही असं नाही. ऑडिटच्या आदल्या दोन दिवसांत तो भरला जायचा. निळं पेन, काळं पेन, मध्येच एखादा तेलाचा डाग, म्हणजे रोज भरल्यासारखा वाटावा. काय ती कलाकारी! त्याच आठवड्यात जमिनीवर पिवळे पट्टेही मारले जायचे.

गिऱ्हाइकाची तक्रार आली की आठ पायऱ्यांचा 'एटडी' रिपोर्ट द्यावा लागतो. भारतातून येणारे असे रिपोर्ट वाचणं हे आता माझं रोजचं काम आहे. तक्रार: जॉब मशीनवर उलटा बसला. मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली. इथे तो तसाच परत जातो, सोबत एक प्रश्न: दुर्लक्ष झालं तरी जॉब उलटा बसूच कसा शकला? जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी ज्याला पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती, म्हटलं ते हेच. जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये एक पिन अशा जागी ठोका, की जॉब उलटा बसणारच नाही. मग ऑपरेटर पेंगत असो की घरच्या काळजीत असो. अर्थात इथे ती पिन ठोकायला तीन सह्या आणि दीड महिना लागतो. वागळेतला फिटर ती चहाच्या सुट्टीत ठोकून मोकळा होईल. फक्त त्याला कुणी विचारलं पाहिजे.

डबेवाल्यांचं कौतुक मलाही आहे, पण लोक ते भलत्याच कारणासाठी करतात. सिक्स सिग्मा हे मोटोरोलाचं १९८६ मधलं काम, दहा लाखांत ३.४ चुका असा त्याचा हिशेब. डबेवाल्यांच्या बाबतीत कुणी साठ लाखांत एक चूक सांगतं, कुणी एक कोटी साठ लाखांत एक. दोन आकड्यांत अडीच पटीहून जास्त फरक असेल, तर मोजणी कशी झाली असेल ते ओळखा. शिकण्यासारखं आहे ते झाकणावर: रंगाने काढलेली चार-दोन चिन्हं, कुठून आला आणि कुठे जायचा एवढंच सांगणारी. एकाच घडणीचे डबे, आणि प्रत्येक गटात एखाद-दुसरा जादा माणूस, कुणी आजारी पडलं तर. हा जादा माणूस आपल्या कारखान्यात खर्चकपातीत सगळ्यात आधी जातो.

एक गोष्ट मात्र ग्रुपवरच्या मालक मंडळींची खरी आहे. मोठं गिऱ्हाईक दर वर्षी भाव पाडून मागतं, वर शून्य दोषाची हमी मागतं, आणि छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची मर्यादा असताना पैसे तीन-चार महिन्यांनी देतं. मशीन थांबवून कारण शोधायचं, तर त्या दिवसाचा पगार कुणी द्यायचा? व्यवस्थेचे ९४ टक्के म्हणताना वर्कशॉपच्या फाटकाबाहेरची ही व्यवस्थाही त्यात धरायला हवी. गुणवत्तेवर व्याख्यानं देणारी मंडळी ती धरत नाहीत.

मी ग्रुपवर लिहिलं: ब्राँझ जरूर घ्या, सवलत सोडू नका. पण फॉर्म भरायच्या आधी एका शनिवारी रिजेक्ट मालाची लाल बिन टेबलावर ओता, ऑपरेटरला समोर खुर्ची द्या, आणि 'हे कुणी केलं' सोडून काहीही विचारा.

आमचे जुने फोरमन, ज्यांना सगळेच दादा म्हणतात, त्यांचा रिप्लाय आला: "अरे बाबा, शनिवारी डिस्पॅच असतो. शुक्रवारी लाइट गेली की ओततो. खुर्ची मात्र एकच आहे, ती शेटची."