हजार पास, शून्य गोल: गोष्ट अर्धीच सांगितली जातेय

फुटबॉलची मोठी स्पर्धा संपली की एक दावा नव्याने फिरायला लागतो. त्याचा सगळ्यात जास्त पसरलेला अवतार असा: ‘2022 च्या विश्वचषकात स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजार पास दिले, गोल शून्य. जपानने जेमतेम 18 टक्के ताबा ठेवून स्पेनला हरवलं. इंग्लंडचा लेस्टर क्लब तर चेंडू समोरच्याला देऊन चॅम्पियन झाला. पझेशन फुटबॉल (पास देत चेंडू आपल्याकडेच ठेवण्याचा खेळ) म्हणजे भित्र्यांचा टाईमपास, आणि तो आता संपलाय.’

आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

आधी हजार पास. मोरोक्कोविरुद्ध 120 मिनिटांत स्पेनचा गोलवर नेमका गेलेला फटका एकच. मग पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेन हरला: सराबियाने खांबावर मारला, सोलेर आणि बुस्केट्सचे फटके मोरोक्कोचा गोलकीपर बुनूने अडवले. मान्य, लाजिरवाणं होतं. पण याच संघाने तेरा दिवस आधी कोस्टा रिकाला 7-0 ने धुतलं होतं, आणि पासांची संख्या त्या दिवशीही हजाराच्या घरातच होती. मग हजार पासांनी सामना जिंकला की हरवला? दोन्ही नाही. पास कुठे होतायत ते बघायला हवं. मोरोक्कोविरुद्ध चेंडू घोड्याच्या नालेसारखा फिरत राहिला: उजवा बॅक (कडेचा बचावपटू), सेंटर बॅक (मधला), दुसरा सेंटर बॅक, डावा बॅक, आणि आल्या वाटेने परत. मोरोक्कोची फळी दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. कोणालाच जागा सोडावी लागत नव्हती. कोस्टा रिकाविरुद्धचा पहिला गोल आठवा. गावीने बचावाच्या डोक्यावरून चेंडू टाकला, ओल्मो बॉक्समध्येच (गोलसमोरच्या चौकोनात) वळला आणि त्याने तो गोलकीपर नवासवरून अलगद उचलून दिला. नालेच्या आतल्या जागेत कोणीतरी चेंडू घेऊन वळलं, एवढाच फरक.

आता जपान, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. मोराताच्या गोलमुळे मध्यंतराला स्पेन 1-0 ने पुढे होता. म्हणजे मागे बसून राहण्याच्या खेळाने तोवर जपानला काहीच मिळालं नव्हतं. दुसऱ्या अर्धात ते वर चढले. स्पेनचा गोलकीपर उनाई सिमोनने दबावाखाली डावा बॅक बाल्देकडे पास दिला, जपानचा इतो बाल्देवर झेपावला, चेंडू उडून दोआनकडे आला आणि त्याने बॉक्सबाहेरून डाव्या पायाने ठोकला. तीनेक मिनिटांत दुसरा, तनाकाचा. (मितोमाने चेंडू रेषेवरून आत वळवला तेव्हा तो बाहेर गेला होता की नाही, यावर लोक अजून भांडतात.) दोन्ही गोल चेंडूच्या मागे धावून मिळवलेले, त्याची वाट बघत बसून नव्हे. आघाडी मिळाल्यावर जपानने दारं लावून घेतली, त्यामुळे उरलेल्या वेळात चेंडू बहुतेक स्पेनकडेच राहिला. म्हणजे तेव्हाचा कमी ताबा हा आघाडीचा परिणाम होता, कारण नव्हे. दावा हे उलटं वाचतो.

आणि याच गटातला एक सामना दावा करणारे सोयीस्करपणे गाळतात. जपान कोस्टा रिकाकडून 0-1 ने हरला, तेही चेंडू जास्त वेळ स्वतःकडे असताना. स्पेनकडून सात गोल खाल्लेला तो कोस्टा रिका! दाट बचाव उघडायची वेळ आल्यावर जपानचीही तीच गत झाली.

लेस्टरबद्दल थोडक्यात. 2015-16 चं विजेतेपद अफाट होतं, वाद नाही. पुढच्याच मोसमात ते बाराव्या क्रमांकावर होते. त्यांच्या मधल्या फळीचा कणा असलेला कांते क्लब सोडून गेला होता हेही खरं. मँचेस्टर सिटीने 2017-18 मध्ये चेंडू पायाशी ठेवूनच 100 गुण आणि 106 गोल केले.

‘भित्र्यांचा’ हा शब्द मात्र मला खटकतो. पाठीवर माणूस असताना स्वतःच्या बॉक्सजवळ पास मागायला छाती लागते. घाबरलेला बॅक चेंडू स्टँडमध्ये भिरकावतो. हा खेळ कधीकधी कंटाळवाणा होतो, हे मी कबूल करतो. 2010 मध्ये स्पेनने बाद फेरीतले चारही सामने 1-0 ने जिंकले आणि संपूर्ण स्पर्धेत दोनच गोल खाल्ले. त्यांच्यासाठी ताबा हाच बचाव होता: चेंडू तुमच्याकडे नसेल तर तुम्ही मारणार काय?

या पद्धतीची खरी दुखणी आहेतच, पण दावा त्यांना हातही लावत नाही. सिमोनचा तो पास हे पहिलं: आपल्याच अंगणात चेंडू गेला तर सावरायला वेळ नसतो. दुसरं, बचावफळी मध्यरेषेजवळ उभी असते, मागे मोकळं मैदान. 2014 मध्ये रिअल माद्रिदने प्रशिक्षक ग्वार्डिओलाच्या बायर्न म्युनिकला त्यांच्याच घरी 4-0 ने हरवलं, त्यात रोनाल्डोचा पहिला गोल अशाच धावेतून आला. तिसरं माझ्या मते सगळ्यात मोठं: समोरच्याला एकट्याने चकवणारा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) नसेल तर चेंडूची नाल होते.

‘संपलाय’ म्हणणाऱ्यांनी 2024 चा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) बघावा. यामाल आणि निको विल्यम्स दोन्ही कडांना आले आणि स्पेनने सातही सामने जिंकले. हो, क्रोएशियाविरुद्ध 3-0 जिंकताना त्यांच्याकडे चेंडू कमी वेळ होता, हे उदाहरण कोणीतरी माझ्या तोंडावर मारणारच. पण तिन्ही गोल मध्यंतराआधीच झाले होते. उरलेल्या वेळात चेंडू क्रोएशियाला हवा होता, स्पेनला नव्हे.