दंड सरकारचा, कमिटी सोसायटीची

राज्यसंस्था म्हणजे काय, असं विचारलं की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं येतात. कौटिल्याची सात अंगं, नाहीतर वेबरचं १९१९ सालचं म्युनिकमधलं व्याख्यान: ठरावीक भूप्रदेशात वैध बळाचा मक्ता जिच्याकडे, ती राज्यसंस्था. परीक्षेला दोन्ही चालतात. हायकोर्टात मूलभूत हक्क मागायचा तर मात्र संविधानाचं कलम १२ काढावं लागतं. (मराठीत आणखी पंचाईत, 'महाराष्ट्र राज्य' यातलं राज्य वेगळं आणि कलम १२ मधलं वेगळं.)

त्या कलमात केंद्र, घटक राज्यं, त्यांची विधिमंडळं आणि 'स्थानिक किंवा इतर प्राधिकरणं' येतात. पुणे महापालिका त्यात सरळ बसते. भांडण सगळं 'इतर' या शब्दावर. पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ज्या सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, प्रयोगशाळा आहे, ती परिषद सोसायटी (घरांची नव्हे, नोंदणीकृत संस्था) म्हणून नोंदलेली. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सीएसआयआर राज्यसंस्था नाही. २००२ साली प्रदीपकुमार बिस्वास खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ५ विरुद्ध २ मतांनी ते फिरवलं. कसोटी अशी: पैसा, कामकाज आणि प्रशासन यांवर सरकारचं वर्चस्व हवं, आणि तेही त्या संस्थेत मुरलेलं. नुसतं नियमन असेल तर नाही.

या शेवटच्या वाक्यावर सहकारी सोसायट्या, आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांसह, कलम १२ मधून सुटतात. सहकार खात्याचा निबंधक ऑडिट मागतो, वेळ पडली तर प्रशासक बसवतो. ते सगळं नियमनच. केरळच्या थलप्पलम खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. म्हणजे कमिटीने भाडेकरूंना वेगळे नियम लावले तरी संविधानाचं कलम १४, म्हणजे समानतेचा हक्क, दाखवून उपयोग नाही. उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय गाठा.

आता मेंटेनन्सची वसुली बघा. कमिटीचा ठराव, नोटिसा, खातेउतारा, मग उपनिबंधकाकडे अर्ज. (आदर्श उपविधींत व्याज जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळ, हिशेबनीस चक्रवाढ लावून मोकळा होतो आणि आकडा तिथेच फिसकटतो.) त्याचा वसुली दाखला मिळाला की थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, थेट जप्तीपर्यंत. वेबरचा मक्ता इथे चक्क उसना दिलाय.

माझा आक्षेप कसोटीवर आहे. संस्थेच्या मागे सरकार किती उभं आहे हे ती मोजते. संस्थेच्या हातात सरकारी दंड, म्हणजे सक्तीचं बळ, किती आलाय हे मोजत नाही. प्रत्येक सोसायटीला राज्यसंस्था ठरवा असं म्हणणं नाही, हायकोर्ट पार्किंगच्या भांडणांनीच भरेल. पण जिथे जप्तीचं हत्यार वापरलं जातं, निदान तेवढ्या टप्प्यावर तरी कमिटीला समान वागणुकीचं बंधन हवं. उपनिबंधकाच्या दाखल्याला आव्हान देता येतं हे खरं. त्यासाठी सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा, आणि तो ऐकला जाण्याआधी थकबाकीची ५० टक्के रक्कम भरायची.