जोडीदाराचे देशांतर, स्वतः तसूभरही न हलता

परदेशी व्यक्तीशी लग्न करून तिला कायमचे आपल्या देशात आणायचे तुम्ही ठरवले असेल, तर प्रथम अभिनंदन, कारण या व्यवहारातला सोपा भाग तुमच्या वाट्याला आला आहे. देश सोडायचा तो जोडीदाराने, नोकरीचा राजीनामा द्यायचा तो त्याने, आईवडिलांचा निरोप घ्यायचा तो त्याने, आणि पुढे नव्या भाषेत दंतवैद्याला नेमका कोणता दात कसा ठणकतो हे समजावून सांगायचे तेही त्यानेच. तुम्हाला फक्त विमानतळावर वेळेत पोहोचायचे आहे. तरीही या कामी आपलीही काही तयारी असावी लागते, असा समज करून घेणारी हळवी माणसे असतात. त्यांचे शंकानिरसन करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात देशाच्या वर्णनापासून करावी. जोडीदार पूर्वी दोन आठवड्यांच्या सुट्टीत तुमच्याकडे येऊन गेला असेल, तर त्याने देश पाहिला असे खुशाल समजावे. त्या पंधरवड्यात तुम्हीही रजेवर होता, सगळे हसतमुख होते आणि कोणत्याही सरकारी खिडकीसमोर उभे राहण्याची वेळ आली नव्हती, हे तपशील गौण आहेत. वर्षातल्या ज्या महिन्यांत तुम्ही स्वतः घराबाहेर पडायचे टाळता, त्यांचा उल्लेख करू नये. घर गावापासून किती लांब आहे, हे गाडीच्या मिनिटांत सांगावे. जोडीदाराला तिथे गाडी चालवता येणार आहे का, हा प्रश्न त्याने विचारल्याखेरीज काढू नये. त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असेल, तर काम झाले असे म्हणावे. तो परवाना म्हणजे मूळ परवान्याचे भाषांतर आहे, मूळ परवाना जवळ नसेल तर त्याला किंमत नाही, आणि कायम राहायला आलेल्या माणसाला बहुतेक देशांत काही महिन्यांनी स्थानिक परवाना काढावाच लागतो, हे त्याला पोलिसांकडून यथावकाश कळेलच.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असल्याने तो पूर्णपणे जोडीदारावर सोपवावा. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे झालेल्या करारामुळे सदस्य देशांच्या आपापसातल्या व्यवहारात जन्मदाखला, विवाहदाखला वगैरेंवर ‘अपोस्टिल’ नावाचा एकच शिक्का पुरतो. करारात नसलेल्या देशांचे कागद मात्र अजूनही परराष्ट्र खाते आणि वकिलात अशा जुन्याच वाटेने फिरतात. यातली गंमत अशी की, अपोस्टिल फक्त कागदावरची सही, सही करणाऱ्याचे पद आणि मोहोर खरी असल्याची ग्वाही देते. आतला मजकूर खरा की खोटा, याच्याशी तिचे काही देणेघेणे नसते. जन्मदाखल्यावर जोडीदाराच्या नावात एक अक्षर कमी आणि पारपत्रावर एक अक्षर जास्त असेल, तर ती चूक आता दोन्ही बाजूंनी विधिवत प्रमाणित होऊन येईल. पोलिसांचा चारित्र्यदाखला सर्वांत आधी काढायला सांगावा. त्याची मुदत सहसा काही महिन्यांचीच असते, त्यामुळे उरलेल्या कागदांची भाषांतरे हाती येईपर्यंत तो शिळा होतो आणि जोडीदाराला आपण निरपराध असल्याचे पुन्हा एकदा सिद्ध करण्याची संधी मिळते.

आपले लग्न खरे आहे, याचाही पुरावा द्यावा लागतो. बऱ्याच देशांचे अधिकारी एकत्र काढलेली छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे, फोनवरचे संभाषण असे सगळे मागतात आणि प्रसंगी दोघांना वेगवेगळे बसवून घरातल्या बारीकसारीक गोष्टी विचारतात. या मुलाखतीसाठी जोडीदाराकडून तुमच्या भावंडांची नावे जरूर पाठ करून घ्यावीत. त्याच्या भावंडांची नावे तुम्ही पाठ करावीत, असा आग्रह मात्र मी धरणार नाही.

आता भाषा. काही सरकारांना या बाबतीत फार घाई असते. नेदरलँड्सने २००६ पासून आणि जर्मनीने २००७ पासून, काही अपवाद वगळता, येणाऱ्या जोडीदाराने देशात पाऊल ठेवण्यापूर्वीच प्राथमिक पातळीची भाषा शिकावी अशी अट घातली. अमेरिकी परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था तर इंग्रजी भाषकाला जपानी किंवा अरबी कामापुरती यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात असे धरते, आणि तेही निवडलेल्या, पगार घेऊन पूर्णवेळ शिकणाऱ्या माणसांना. तुम्ही इतके हिशोबी होऊ नका. पाण्यात पडले की पोहता येतेच, असे म्हणावे आणि जोडीदाराला थेट नातेवाइकांच्या जेवणाच्या टेबलाशी नेऊन बसवावे.

हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. टेबलाभोवती नऊ माणसे आहेत आणि तुमचे काका वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगत आहेत. जोडीदार बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आहे. गोष्ट दुसऱ्याने उचलली की मान तिकडे वळते. सगळे हसतात. तोही हसतो, पण अर्धा क्षण उशिरा, आणि इतरांचे हसू ओसरले तरी त्याचे तसेच राहिलेले असते, कारण कधी थांबायचे याची खूण त्याला मिळालेली नसते. मग तो हळूच तुमच्याकडे झुकून काय झाले ते विचारतो. इथे चुकूनही गोष्ट सांगत बसू नका. ‘काही नाही, जुनी गंमत आहे,’ असे म्हणून पुन्हा काकांकडे वळावे. दहा मिनिटांच्या संभाषणाचे पाच शब्दांत भाषांतर करण्याची ही हातोटी लवकर अंगवळणी पडते. महिनाभराने जोडीदार विचारायचे सोडून देतो आणि नातेवाईक तुम्हाला बाजूला घेऊन विचारू लागतात की, स्वभावाने जरा अबोल आहेत का?

घरात तुम्ही दोघे जी तिसरी, सोयीची भाषा बोलता, तीच बोलत राहावे. बँक, डॉक्टर, वीजजोडणी यांचे सर्व फोन तुम्हीच करावेत. खातेही तुमच्याच नावावर असलेले बरे, कारण बँकेला पत्त्याचा पुरावा हवा असतो, पत्त्याच्या पुराव्यासाठी बिल हवे असते आणि बिल तर तुमच्या नावावर येते. हे वर्तुळ तोडायला एक अर्ज आणि एक दुपार पुरते, पण दुपारी तुम्हाला काम असते. पुढे चारचौघांत ‘आमच्याकडे सगळे मलाच बघावे लागते’ असे म्हणून सुस्कारा सोडण्याचा हक्क अशाच दुपारींतून मिळवावा लागतो.

नोकरीविषयी ‘ती काय, मिळून जाईल’ एवढेच सांगावे. राहण्याची परवानगी आणि काम करण्याची परवानगी या अनेक देशांत दोन वेगळ्या गोष्टी असतात. डॉक्टर, परिचारिका, वकील, शिक्षक अशा नियंत्रित व्यवसायांत परदेशी पदवीला आधी मान्यता मिळवावी लागते, कधी परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, आणि हे आगाऊ शोधून ठेवले तर निघण्यापूर्वीच अर्ज करता येतो. असे केल्यास मात्र पंधरा वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला सकाळी खिडकीपाशी बसलेले पाहून ‘तू एखादा छंद का लावून घेत नाहीस?’ असे विचारण्याचा योग हुकेल.

कॅलर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ द जानेरो येथील व्याख्यानात ‘सांस्कृतिक धक्क्या’चे टप्पे सांगितले होते. पहिला मधुचंद्राचा, काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकणारा. त्यानंतर रोजच्या अडचणींचा आणि चिडचिडीचा. जोडीदार दुसऱ्या टप्प्यात शिरला, म्हणजे आपला देश त्याला आवडत नाही असा अर्थ घ्यावा आणि दुखावले जावे. त्याने रांगेविषयी, शेजाऱ्यांविषयी, दुकाने बंद होण्याच्या वेळेविषयी तक्रार केली तर ‘आमच्याकडे असेच असते’ हे उत्तर द्यावे. यातला ‘आमच्याकडे’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा.

एवढे सगळे नेटाने पाळूनही एखादे दिवशी जोडीदार तुम्हाला न सांगता एकटाच कचेरीत जाईल, क्रमांक घेऊन बसेल, खिडकीतल्या बाईंशी तुमच्या भाषेत बोलून पत्त्याचा दाखला मिळवील आणि संध्याकाळी तो कागद टेबलावर ठेवून, काय घडले ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्याच भाषेत सांगू लागेल. दुसऱ्या वाक्यातले क्रियापद चुकेल. तिथेच थांबवून ते आधी दुरुस्त करावे.