नदी कागदावर स्वच्छ कशी ठेवावी

नदी स्वच्छ करायची तर पैसा लागतो, वर्षं जातात आणि कुणाच्या तरी पोटावर पाय येतो. अहवाल स्वच्छ करणं त्या मानाने सोपं. थोडा अभ्यास मात्र हवा.

नमुना घ्यायचा तो भर दुपारी, लख्ख उन्हात. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर माजलेलं शेवाळ तेव्हा प्रकाशसंश्लेषणात गर्क असतं आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा फुगतो. २० अंश तापमानाला स्वच्छ पाणी हवेतून लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतं. तुमची हिरवीगार नदी त्याच्याही पुढे जाईल. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन संपवतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात. पण पहाटे तुम्हाला नदीवर बोलावलंय कुणी? रात्रंदिवस पाण्यात राहून नोंदी घेणारे सेन्सर मिळतात, त्यांच्यापासून जपा.

जागा अर्थातच नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला. फारच आग्रह झाला तर खालच्या अंगाला, पण पलीकडच्या काठाशी. रुंद पात्रात सांडपाणी बराच वेळ आपलाच काठ धरून वाहतं.

बीओडीला घाबरू नका. घाण खाताना जिवाणू पाच दिवसांत किती ऑक्सिजन संपवतात, ते या चाचणीत मोजतात. पाण्यात पुरेसं विष असेल तर जिवाणूच मरतात आणि आकडा देखणा येतो! उरलंसुरलं वर्षाच्या सरासरीत बुडवा.

खरी डोकेदुखी किड्यांची. स्टोनफ्लाय, मेफ्लाय यांची पिल्लं तळातल्या दगडांखाली महिनोन्‌महिने राहतात. एका रात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणीही त्यांना पुसून टाकतं. तुमच्या दुपारच्या नमुन्याचं त्यांना सोयरसुतक नसतं. मग उरतात गाळातले गांडुळासारखे ट्युबिफेक्स आणि कायरोनोमिड या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्या, ज्यांचं हिमोग्लोबिनमुळे जेमतेम ऑक्सिजनवरही भागतं. किड्यांवरून नदीला गुण देणाऱ्या बीएमडब्ल्यूपी नावाच्या ब्रिटिश पद्धतीत तर स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना १० गुण आणि ट्युबिफेक्सच्या गटाला १, असा हिशेबच मांडून ठेवलाय. इतका चहाटळपणा विज्ञानाला शोभतो का?

किड्यांशी तडजोड होत नाही. तेव्हा 'जैविक निरीक्षण' हा रकाना पुढच्या टप्प्यावर ढकला. आणि कुणी हौशी मास्तर मुलांसोबत जाळी आणि पांढरा ट्रे घेऊन पाण्यात उतरताना दिसलेच, तर 'पाणी आरोग्यास घातक, प्रवेश निषिद्ध' अशी पाटी लावून त्यांना अडवा. पाटीचा फोटो तेवढा अहवालाला जोडू नका.