शेवटचा सूर विरायच्या आत निकाल!

बास झालं आता! फिश या अमेरिकन जॅम बँडचा (म्हणजे मंचावर सुचेल तसं गाणं लांबवत, 'जॅम' करत वाजवणाऱ्यांचा) दुसरा सेट अजून रंगात यायचाय, गिटार कुठे निघालीय हे खुद्द वाजवणाऱ्यालाही माहीत नाही, आणि या चाहत्यांचा निकाल तयार: "आज मजा नाही." अरे, श्वास तरी घे!

पंचवीस मिनिटं वाजवलं तर "किती ताणतात", आठ मिनिटांत आटोपलं तर "जॅम कुठंय?" 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला फिशने 13 रात्री वाजवलं, एकही गाणं पुन्हा न घेता. तेरा रात्री! तरी यांचं लाडकं गाणं म्हणे नेमकं चुकीच्या रात्री आलं.

त्यात ग्रेटफुल डेड या जुन्या जॅम बँडचे जुनेजाणते चाहते. काहीही ऐकवा, उत्तर एकच: "8 मे 1977, कॉर्नेल. त्याची सर नाही!" कॉर्नेल विद्यापीठातल्या त्या मैफलीच्या हॉलमध्ये मावली असतील काही हजार माणसं, "मी होतो ना तिथे" म्हणणाऱ्यांनी आता अख्खं न्यूयॉर्क राज्य भरेल. निम्म्यांचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता! डेडचा गिटारवाला जेरी गार्सिया 1995 मध्ये गेला, तरी आजच्या प्रत्येक गिटारवाल्याला माप त्याचंच.

डेडने 1984 मध्ये मैफल टेप करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागा दिली, केवढं मोठं मन! आणि आपण काय करतो? हळुवार जागा आली की त्या मायक्रोफोनच्या शेजारी उभं राहून, मोठ्या आवाजात, मागच्या वर्षीची मैफल कशी भारी होती ते सांगतो. मागच्या वर्षी हाच माणूस नाक मुरडत होता!