सेफ्टी? छे, आपण हाणायचं!

पूल खेळताना समोरच्याने बॉल पॉकेटमध्ये पाडायचा सोडून पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल, हळूच दुसऱ्या बॉलच्या आड नेऊन ठेवला, की लगेच म्हणा, "हे काय रे, हिंमत नाही का?" आजूबाजूचे हसतील. अशी सेफ्टी खेळणं म्हणजे भेकडपणा, यावर पूल पार्लरमध्ये कुणाचंच दुमत नसतं. जिंकणारा सोडला तर.

गनिमी कावा इतिहासाच्या पुस्तकात शोभतो. टेबलावर पानिपतच करावं.

म्हणून एट बॉल या पूलच्या प्रकारात आपल्या सातपैकी सहा बॉल आधी धडाधड पाडून टाका. टाळ्या घ्या. आता उरलेला एक कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटलाय, आणि समोरच्याचे सातच्या सात जागेवर आहेत. म्हणजे तुमची वाट अडवायला सात पहारेकरी, आणि पांढरा लपवायला त्याला जागाच जागा. दोन-तीन बॉल आधीच थांबून सेफ्टी खेळ, असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. अशा माणसांशी संबंध ठेवू नयेत.

समोरचा सेफ्टी कशी खेळतो हे तर चुकूनही बघू नका. बॉलला अगदी कडेला, थिन लावतो. बॉल सरकत जाऊन कुशनला जेमतेम टेकतो. तेवढं टेकवावंच लागतं, कारण काही पडलं नाही आणि काही कुशनलाही लागलं नाही तर फाउल. बाकी त्याचं सगळं लक्ष पांढरा कुठे थांबतो इकडे. पाडायचा विचारच नाही! याला काय खेळ म्हणायचं?

तुम्ही अडकलात की सरळ दणका द्या. नाही लागला तर फाउल होईल, समोरचा पांढरा उचलून हवा तिथे ठेवेल. ठेवू दे. नाइन बॉल या दुसऱ्या प्रकारात लागोपाठ ३ फाउल झाले की डावच जातो, पण तिन्ही दणके काय सणसणीत होते!

सेफ्टी खेळत बसलं की काय होतं बघा. २०१७ मध्ये जागतिक स्नूकर (पूलसारखाच खेळ) स्पर्धेच्या पात्रता फेरीत फर्गल ओब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्ट यांची शेवटची फ्रेम, म्हणजे एक डाव, १२३ मिनिटं ४१ सेकंद चालली. एका फ्रेमला दोन तास! हे तासावर पैसे घेणाऱ्या पार्लरवाल्याच्या कानावर घालू नका, तो दोघांचे फोटो लावून उदबत्ती ओवाळेल. आपण कसे, दहा मिनिटांत हरून मोकळे. टेबलचे पैसे हरणाऱ्यानेच भरायचे असतात, तेव्हा बिलही तसं कमीच येतं.