पाच हजार अधिक आठ अधिक दोन

सातवीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होते. सेमीचा वर्ग, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. प्रश्न सरळव्याजाचा होता: ‘फाइंड द इंटरेस्ट ऑन अ सम ऑफ रुपीज 5000’, दर 8, मुदत 2 वर्षं. एका मुलाने लिहिलं होतं, 5000 + 8 + 2 = 5010. मी लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले तेव्हा तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. “बाई, बेरीज तर बरोबर आहे ना?”

‘सम’ म्हणजे बेरीज, हे त्याला पाचवीत मीच शिकवलं होतं. इथे मात्र ‘सम’ म्हणजे रक्कम. मी म्हटलं, “पाच हजार रुपये द.सा.द.शे. 8 दराने 2 वर्षं ठेवले, तर व्याज किती?” त्याने वर बघून हिशेब केला आणि म्हणाला, “आठशे.” कागदही लागला नाही.

ते शून्य गणिताचं नव्हतं. पण प्रगतिपुस्तकात गणिताच्याच रकान्यात जाणार होतं, त्याच्या आईला तसंच दिसणार होतं, आणि दोन-चार वर्षांत त्यालाही तेच खरं वाटायला लागणार होतं. दहावीनंतर ‘मला गणित जमत नाही’ म्हणून सायन्सकडे न फिरकलेली किती मुलं माझ्या हातून गेली असतील, हा विचार त्या दिवसापासून मनातून जात नाही.

त्यानंतर मी जुने पेपर पुन्हा काढून बसले. आठवीत ‘अ शॉपकीपर मार्क्स हिज गुड्स’ असं वाक्य होतं, म्हणजे दुकानदार मालावर किंमत टाकतो. मुलांच्या जगात मार्क्स म्हणजे गुण आणि गुड म्हणजे चांगलं. दुकानदाराला गुण कोण देतंय? विज्ञानाच्या तासाला सोल्युशन म्हणजे द्रावण, पुढच्याच तासाला सोल्युशन म्हणजे उत्तर. गणितात ‘डिफरन्स’, म्हणजे वजाबाकी, विचारली तर एका मुलीने दोन संख्यांमधले फरकाचे मुद्दे लिहिले होते, रकाने आखून, नीटनेटके. आणि विज्ञानाच्या पेपरात एकाने ‘बाष्पीभवन’ असं मराठीत लिहिलं होतं. कपडे का वाळतात ते त्याला पूर्ण समजलं होतं, तरी त्यालाही मी गुण दिले नव्हते.

याचा अभ्यास इतरांनी केलेला आहे. अमेरिकेत घरी वेगळी भाषा बोलणारी लाखो मुलं इंग्रजीतून परीक्षा देतात. यूसीएलए या तिथल्या विद्यापीठातल्या जमाल अबेदी यांनी कॅरोल लॉर्ड यांच्यासोबत, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवीच्या गणिताचे प्रश्न घेतले, गणित तसंच ठेवलं आणि फक्त वाक्यं सोपी केली. गुणांतला फरक मोठा नव्हता, पण इंग्रजी शिकत असलेल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला. तिकडे अशा मुलांना जादा वेळ आणि शब्दसूचीही देतात.

आपल्याकडचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. नीट परीक्षा 13 भाषांत होते. मराठी निवडली तर प्रश्नपुस्तिका इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही भाषांत हातात येते. शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम, पण वाचायला दोन्ही असतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जी सोय मिळते, ती बारा वर्षांच्या मुलाला वीस गुणांच्या चाचणीत का नको?

स्टाफरूममध्ये हे बोलले की उत्तर ठरलेलं असतं: “पुढे सगळं इंग्रजीच आहे, सवय नको का व्हायला?” सवय हवीच. म्हणून तर इंग्रजीचा वेगळा तास आहे, वेगळा पेपर आहे. तिथे इंग्रजी तपासा, कडक तपासा. पण व्याजाच्या उदाहरणात व्याज तपासा. पालकांनी सेमी निवडलं ते मुलाने पुढे जावं म्हणून, वाक्यात अडकून मागे राहावं म्हणून नाही.

माझ्या वर्गात मी काही बदल केले आहेत. प्रश्नपत्रिका दोन रकान्यांत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. इंग्रजी वाक्यं आखूड. ‘सम’ऐवजी सरळ ‘अमाउंट’ असंही करून पाहिलं, पण व्याजाच्या धड्यात अमाउंट म्हणजे रास (मुद्दल अधिक व्याज), म्हणजे नवा घोळ. आता ‘रुपीज 5000 आर केप्ट इन अ बँक’ असं लिहिते. कारण लिहायचं असेल तिथे मराठी चालेल, स्पेलिंगचे गुण कापत नाही, आणि दहा मिनिटं जास्त देते, कारण परक्या भाषेत वाचायला वेळ लागतोच. बोर्डाच्या पेपरात शेजारी मराठी मिळणार नाही, म्हणून नववीपासून उजवा रकाना हळूहळू काढत नेते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. दोन वर्षं मी नंदुरबारकडे होते. तिथे पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांना माझा उजवा रकानासुद्धा परकाच होता. त्यांच्यासाठी मी प्रश्न फक्त मोठ्याने वाचून दाखवत असे, हातवारे करून. ते पुरेसं नव्हतं. पावरी, भिली किंवा गोंडी जाणणारे शिक्षक ही पोस्ट वाचत असतील तर कृपया कमेंटमध्ये लिहा: नफा, तोटा, व्याज, मुद्दल यांना मुलांच्या घरी काय म्हणतात? मला ती यादी करायची आहे.